जोड्यातला कापूस

सुपडूअण्णा जोडा उलटा धरून झटकतो,
आत हात घालून चाचपतो,
म्हणतो, ताई, इथे पोकळ राहतंय.

राहणारच. डाव्या पायाची दोन बोटं
लिमाच्या इस्पितळात
स्टीलच्या तबकात ठेवून आले मी.
तो काही विचारत नाही.
जिनिंगच्या पिशवीतून मूठभर रुई काढतो,
वात वळावी तशी मांडीवर वळतो
आणि जागा भरू लागतो.

बाहेर चोपड्याचा मे. सेहेचाळीस.
रसवंतीच्या टेबलाखालच्या ओलीत
कुत्री पोट टेकून पडलीत.
अशा उन्हात कुणाला सांगावं
की थंडीनंही माणूस जळतो,
हुळ्यातल्या घाट्यासारखा
टोकाकडून काळा पडत येतो?

एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे
लोकांच्या मनीऑर्डरींवर मी शिक्के मारले,
आणि रजा साठली की, दोन-तीन वर्षांनी,
कुणीतरी माझ्या पासपोर्टवर मारला.
टांझानिया. जॉर्जिया. दोनदा नेपाळ.
लग्न राहून गेलं. स्कूटर शिकायचीही राहून गेली.

परत आले की आई पिशवी रिकामी करायची,
मोज्यांचा वास घेऊन तोंड वाकडं करायची,
आणि दर वेळी तेच :
‘काय शे तठे?’
पहिल्यांदा मी पुष्कळ बोलले.
ढग पायाखाली असतात, वगैरे.
पुढं पुढं शब्द कमी होत गेले.
शेवटी म्हटलं, काही नाही गं, वारा.
‘वारा ते आठे बी शे,’
म्हणाली, आणि मोजे साबणात बुडवले.

पेरूमध्ये दोराच्या दुसऱ्या टोकाला कोकिळा होती.
शहाद्याची. धिप्पाड, हसरी, देवाला न मानणारी.
बर्फानं एकदम तोंड उघडलं
आणि ती बोलता बोलता दिसेनाशी झाली,
वाक्य अर्धं वर राहिलं.
पाय रोवून मी पडून राहिले.
किती वेळ, ते घड्याळाला ठाऊक.
कमरेला तिचं वजन,
खिशात चाकू.

बावीस वर्षं आम्ही दिवाळीला फोन केले,
ऊस, केळी, गुडघे, तिची झेरॉक्सची दुकानं.
परवा तिनं मधेच विचारलं,
तेव्हा कापायचा विचार आला होता ना?
मी म्हटलं, आला होता.
किती वेळा?
खोटं बोलायचं ठरवून म्हटलं, एकदा.
पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज.
मग ती म्हणाली, मी चाकू उघडला होता,
खालून.
बोटं वळेनात म्हणून राहिलं.

त्यानंतर आम्ही दोघी खूप हसलो.
फोन ठेवल्यावर मी बराच वेळ
ओट्यावरचं दूध बघत उभी होते.
ते उतू गेलं, तरी.

तो जांभळा दोर आता भावाच्या मळ्यात आहे,
अनेरच्या काठी.
घड लागलेल्या केळी वावधनात मोडू नयेत म्हणून
त्यानं त्याचे तुकडे केले,
एकीला दुसरीशी बांधलं.
विचारलं नाही मला.
विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं.
गेल्या जूनमध्ये बाजूचा सगळा बाग झोपला,
ह्याच्या दोन ओळी उभ्या राहिल्या, तिरक्या,
एकमेकींना ओढून धरत.
मी बांधावर गेले आणि
एक गाठ सैल होती, ती घट्ट करून आले.

सातपुडा या दिवसांत दिसत नाही.
धुळीमागे असतो, म्हणजे असावा.
रात्री वणवा लागला की
अंधारात उंच कुठेतरी एक लाल रेघ चढत जाते,
तेव्हा कळतं डोंगर कुठवर आहे.
गच्चीवर खाट टाकून मी ती रेघ बघते
आणि पाय आपोआप
धरायला जागा शोधतो, चादरीत.
गेलेली बोटंसुद्धा.

सुपडूअण्णा जोडा पुढे सरकवतो.
चालून बघा.
मी रसवंतीपर्यंत जाते, कुत्र्यांना वळसा घालून येते.
टोचत नाही.
वीस रुपये, तो म्हणतो,
आणि पावसाळ्याआधी एकदा या,
रुई दबते.